दुसरी आकडेमोड

‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ या पदाला मराठीत अद्याप रुळलेला प्रतिशब्द नाही, आणि जे शब्द रुळले आहेत ते या कामाच्या जवळपासही जात नाहीत. जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘कंपाउंडर’ हा दवाखान्यात बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मिश्रण देणारा माणूस होता; शासकीय सेवेतील ‘औषध निर्माण अधिकारी’ हा त्याच्या पदनामाने निर्मितीशी बांधलेला, पण प्रत्यक्षात साठा, नोंदवही आणि वाटपाची खिडकी सांभाळणारा कर्मचारी; आणि लोकांचा ‘मेडिकलवाला’ म्हणजे तर दुकानदारच. रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन त्याची केसपेपरवरील माहिती वाचणारा, लिहिलेले औषध त्या विशिष्ट शरीराला त्या विशिष्ट दिवशी योग्य आहे की नाही हे तपासणारा आणि नसल्यास ते थांबवण्याची सूचना करणारा औषधतज्ज्ञ असा या पदाचा खरा अर्थ आहे. भारतात या कामाचे शिक्षण देणारा सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला आणि २०१५ सालच्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी क्लिनिकल फार्मासिस्टची भूमिका कागदावर आणली. परंतु कागदावर आलेली भूमिका वॉर्डात उतरण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ कर्करोगाच्या रुग्णाला परवडणारा नाही, हे या परिषदेपुढे सर्वप्रथम मांडणे आवश्यक आहे.

कर्करोगाच्या औषधांचा स्वभावच असा आहे की त्यांच्या बाबतीत ‘थोडे कमी-जास्त झाले तरी चालते’ हा सर्वसाधारण व्यवहार लागू पडत नाही. पेशींचे विभाजन रोखणारी ही औषधे गाठीतील पेशी आणि अस्थिमज्जेतील, आतड्यातील किंवा केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशी यांत फारसा भेद करत नाहीत. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातील अंतर अत्यंत अरुंद असते आणि त्या अरुंद पट्ट्यातच उपचार चालवावा लागतो. म्हणून यांतील पुष्कळशा औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाच्या अंदाजावर ठरवली जाते. मोस्टेलर यांनी १९८७ साली सुचवलेल्या सोप्या सूत्रानुसार उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागावे व वर्गमूळ काढावे: १५० सेंटिमीटर उंचीच्या आणि ५४ किलो वजनाच्या रुग्णाचे पृष्ठफळ १.५ चौरस मीटर येते. गणित शालेय आहे, पण उंची कोणी, केव्हा, कशी मोजली आणि वजन आजचे आहे की तीन केमोंपूर्वीचे, हे विचारणारा माणूस त्या गणितात नसतो. तो बाहेरून यावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कार्बोप्लॅटिनचे आहे. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून त्याची मात्रा पृष्ठफळावर न ठरवता मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेवर ठरवतात. १९८९ साली प्रसिद्ध झालेले कॅल्व्हर्ट सूत्र सांगते की अपेक्षित परिणामांक, म्हणजे रक्तातील औषधाचे प्रमाण आणि ते किती काळ टिकते यांचा एकत्रित आकडा, घेऊन त्याला गाळणक्षमता अधिक २५ या बेरजेने गुणावे. गाळणक्षमता मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजली जात नाही. ती वय, वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांवरून काढली जाते, आणि क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होणारे द्रव्य असल्याने ज्याच्या अंगावर मांस उरलेले नाही अशा रुग्णात ते कमी दिसते. साठ वर्षांची, ४५ किलो वजनाची, आजाराने वाळलेली स्त्री घेतली आणि तिचे क्रिएटिनिन ०.४ आले, तर सूत्र तिची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे १०६ मिलिलिटर दाखवते आणि परिणामांक ५ धरल्यास मात्रा ६५५ मिलिग्रॅम निघते. तेच क्रिएटिनिन, काही केंद्रांच्या प्रथेप्रमाणे, किमान ०.७ धरले तर गाळणक्षमता ६१ वर येते आणि मात्रा ४३० मिलिग्रॅम होते. दोन्ही वेळा आकडेमोड अचूकच आहे. फरक एवढाच की पहिल्या आकड्याने त्या स्त्रीचे मूत्रपिंड एखाद्या धडधाकट तरुणीचे ठरवले आहे. संगणकाने काढलेला पहिला आकडा जसाच्या तसा पिशवीत गेला तर दोन-तीन आठवड्यांनी तिच्या रक्तपेशींचे ‘काउंट’ कोसळतील, आणि तेव्हा दोष औषधाला दिला जाईल. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० साली या सूत्रात गाळणक्षमता १२५ पेक्षा जास्त धरू नये असे सुचवले. पण अशी वरची मर्यादा आपल्याकडील कृश रुग्णांचे रक्षण करत नाही. ते रक्षण रुग्णाला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडूनच होते. ही आकडेमोड दुसऱ्यांदा, पहिल्या उत्तराकडे न बघता, स्वतंत्रपणे करणे हे क्लिनिकल फार्मासिस्टचे पहिले कर्तव्य आहे.

दुसरी आकडेमोड स्वतंत्र नसेल तर काय होते, याची शिकवण या व्यवसायाने फार महाग किमतीला घेतली आहे. १९९४ साली बॉस्टनमधील एका नामवंत कर्करोग संस्थेत बेट्सी लेहमन या आरोग्यविषयक पत्रकार महिलेला सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची चार दिवसांत मिळून द्यावयाची एकूण मात्रा चारही दिवस रोज दिली गेली. त्या संस्थेत ज्ञानाची कमतरता नव्हती. आदेश अनेक हातांतून गेला आणि प्रत्येक हाताने आधीच्या हातावर विश्वास ठेवला. डिसेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला आणि चूक उघडकीस आली ती पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, तीही संशोधनासाठी नोंदी उतरवून घेताना. ‘चार दिवसांत’ आणि ‘चार दिवस’ यांत मराठीत एका अक्षराचे अंतर आहे. ‘तुम्ही लिहिले आहे ते बहुधा चुकले आहे’ असे वरिष्ठाला म्हणण्याची सोय ज्या व्यवस्थेत नाही, तिथे तेवढ्या अंतरात माणूस मरू शकतो.

तथापि प्रत्येक धोका सावध माणसाच्या सावधपणावर सोडणे हेही शहाणपणाचे नाही. महाराष्ट्रात अंगणाअंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे रक्ताच्या कर्करोगात अनेक मुलांना वाचवणारे औषध फक्त शिरेतून द्यायचे असते. ते पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर परिणाम जवळजवळ नेहमी मृत्यू हाच असतो. दुर्दैव असे की याच मुलांना मेथोट्रेक्सेट हे दुसरे औषध कण्यातूनच द्यावे लागते, आणि दोन्ही औषधे एकसारख्या सिरिंजमध्ये, एकाच ट्रेवर, एकाच दिवशी आली की चुकीला वाट मोकळी होते. जगात अशा मृत्यूंची मालिका घडल्यानंतर २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता लहान सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्यावे असा इशारा दिला. पिशवी कण्याच्या सुईला लावण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. चूक करणाऱ्या हातालाच ती अडवते. फार्मासिस्टच्या कामातील सर्वांत सुंदर भाग हाच मानावा लागेल. असे असूनही ही साधी पिशवी अजून सर्वत्र पोहोचलेली नाही, ही गोष्ट या व्यासपीठावरून स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

पिशवी भरण्याच्या कामाकडे वळले की जुना कंपाउंडर वेगळ्या रूपात परत येतो, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि सिसप्लॅटिन ही दोन्ही प्लॅटिनम धातूची संयुगे असली तरी पहिले मिठाच्या सलाईनमध्ये घातले की बिघडते, म्हणून त्याला ग्लुकोजचे द्रावण लागते, आणि दुसऱ्याला टिकून राहण्यासाठी मिठातील क्लोराइडच लागते. मिसळणाऱ्याच्या हातांचाही प्रश्न आहे. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवू शकणारी द्रव्ये आढळल्याचे दाखवले आणि तेव्हापासून जैवसुरक्षा कपाट, म्हणजे हवा वरून खाली ओढून गाळून बाहेर सोडणारी बंदिस्त पेटी, हे या कामाचे अपरिहार्य साधन ठरले. जिथे आजही वॉर्डाच्या टेबलावर, साध्या हातमोज्यांनी परिचारिका ही औषधे मिसळतात, तिथे रुग्णाबरोबर तीही धोक्यात असते. तिच्या बाजूने बोलणे फार्मासिस्टवर बंधनकारक आहे.

वर उल्लेखिलेल्या मेथोट्रेक्सेटची कुळकथा मुंबईशी जोडलेली आहे, हे या सभेतील तरुणांना माहीत असावे. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिकेने गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने या आम्लाची नक्कल करून पेशींना फसवणारे अमिनोप्टेरिन आणि नंतर मेथोट्रेक्सेट तयार केले, आणि सिडनी फार्बर यांनी १९४८ साली अमिनोप्टेरिनने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत रोग काही काळ मागे हटतो असे प्रसिद्ध केले. गरिबांच्या रक्तातील उणिवेचा शोध घेताना हाती लागलेले ज्ञान कर्करोगाविरुद्ध उलट वापरले गेले. तेच मेथोट्रेक्सेट आज संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणून घरोघर पोहोचले आहे, आणि ‘आठवड्यातून’ हा शब्द न कळल्यामुळे ती रोज घेतली गेली की तोंडाला फोड येतात, मज्जा करपते आणि माणूस दगावतो. यावर उपाय चिठ्ठीवर वार लिहिणे हा आहे: ‘फक्त सोमवारी’.

दवाखान्याबाहेर पडलेल्या रुग्णाच्या घरापर्यंत या व्यवसायाने जायला हवे असे म्हणण्याचा अर्थ हाच. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्याला गार वस्तूच्या स्पर्शाने हाताला, घशाला मुंग्या येतात. त्याला ‘फ्रिजचे पाणी नको’ एवढे सांगून भागत नाही, मे महिन्यात माठातले पाणीही त्याला टोचते, म्हणून कोमट पाणी सांगावे लागते. इमॅटिनिबसारख्या गोळ्या घेणाऱ्याने पपनस टाळणे बरे, कारण त्या फळातील द्रव्ये औषध मोडणारी आतड्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, रोखतात आणि रक्तातील औषध वाढते. कोकण-गोव्यातील रुग्णाला ही गोष्ट इंग्रजी पत्रकातील ‘ग्रेपफ्रूट’ या नावाखाली कधीच समजणार नाही. मर्कॅप्टोप्युरिन घेणाऱ्याला यूरिक आम्लासाठी कोणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिले तर पहिल्या औषधाची मात्रा साधारण पाव करावी लागते. गुळवेलीसारख्या काढ्यांविषयी मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद मिटेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण यकृतातूनच निचरा होणारी औषधे चालू असताना रुग्ण आणखी काय घेतो हे विचारणे एवढेच फार्मासिस्टच्या हाती आहे, आणि ते रागावून न विचारता विचारले तरच उत्तर मिळते. परळच्या पदपथावर किंवा दादरच्या धर्मशाळेत मुक्काम करून उपचार घेणारे कुटुंब डॉक्टरांपुढे मान डोलावते; खरे प्रश्न ते औषधे घेताना, खिडकीवर विचारते.

खर्चाचा विषय थोडक्यात, पण टाळता न येणारा. केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. आणि टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम मात्रा अन्य औषधांसोबत दिल्यास आयुष्य लांबते हे २०२२ साली दाखवून दिले, तर ऑलांझापिन हे उलटीरोधक १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी पुरते, आणि झोपही कमी येते, हे २०२४ साली. कमी मात्रा म्हणजे कमी उपचार हे समीकरण मुंबईतच मोडले गेले आहे. कुपीत उरलेले औषध फेकले जाऊ नये म्हणून एकाच औषधाचे रुग्ण एकाच दिवशी बोलावणे हे कामही याच रांगेत बसते, आणि ते कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता उद्यापासून करता येते.

या सर्व कामाची एक मोठी अडचण आहे: त्याचे यश दिसत नाही. न दिलेली चुकीची मात्रा कोणत्याही अहवालात येत नाही, न घडलेल्या मृत्यूचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि म्हणून प्रशासनाला फार्मासिस्टचे पद हा खर्च वाटतो. त्यामुळे या परिषदेपुढे एकच ठराव ठेवला जात आहे. प्रत्येक कर्करोग केंद्रात, ते जिल्हा रुग्णालयातील डे केअर का असेना, फार्मासिस्टच्या सहीशिवाय केमोची पिशवी वॉर्डात जाऊ नये, आणि त्या सहीशेजारी एक नोंदवही असावी. तिच्यात पाच रकाने पुरेत: लिहिलेली मात्रा, स्वतंत्रपणे काढलेली मात्रा, थांबवण्याचे कारण, डॉक्टरांशी बोलणे झाले ती वेळ, आणि अखेर रुग्णाला काय दिले गेले.