दप्तरातून निसटलेला चिमणराव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जयपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानात संतांची वा इतिहासपुरुषांची थोरवी गावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र आज एका नटाविषयी, त्यातही प्रामुख्याने दूरदर्शनच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचलेल्या विनोदी नटाविषयी बोलणार आहे. श्री. दिलीप प्रभावळकर हे त्यांचे नाव. विनोदी नटाला टाळी द्यावी, पण त्याच्याविषयी गंभीरपणे विचार करू नये, ही आपली जुनी खोड आहे. आजच्यापुरती ती बाजूला ठेवू या.

या कथेचा उगम मुंबईत नाही. तो आपल्यासारख्याच एका ‘परमुलखातल्या’ मराठी माणसाच्या टेबलावर आहे. चिंतामण विनायक जोशी, म्हणजेच चिं. वि. जोशी (१८९२–१९६३), मूळचे पुण्याचे. पण त्यांचे कर्तृत्वाचे आयुष्य बडोद्यात गेले. तेथे त्यांनी पाली भाषा शिकवली आणि पुढे संस्थानचे दप्तरही सांभाळले. जुने कागद जपणाऱ्या या विद्वानाने फावल्या वेळात चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. घरापासून दूर राहणाऱ्याला घर अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते. पुण्याच्या मध्यमवर्गाचे ते चित्र साबरमतीपलीकडच्या गुजरातेत बसून रेखाटले गेले, हे आपण राजस्थानात बसलेल्यांनी विसरू नये.

या जोडीला पडदा प्रथम लाभला तो १९४० साली, मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्यानंतर सुमारे चार दशकांनी तीच जोडी छोट्या पडद्यावर अवतरली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते. पुढल्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यापर्यंत पोहोचले. सत्तरीच्या उत्तरार्धात याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी ‘चिमणराव’ ही मालिका सादर केली. चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. मराठीतील अगदी आरंभीच्या मालिकांपैकी ही एक. चित्र काळेपांढरे, सजावट बेताची. तरीही ज्यांच्या घरी संच नसे ती मंडळी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून ती पाहत. जयपूरला मुंबई केंद्राच्या लहरी पोहोचत नसत. सुटीत मुंबई-पुण्याला गेलेल्या आप्तांच्या तोंडून ऐकलेला चिमणराव, एवढाच आपल्या वाट्याचा चिमणराव.

प्रभावळकरांपुढे खरी अडचण कोणती होती, हे पाहण्याजोगे आहे. पुस्तकात चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो. सांगणारा तोच आणि फसणाराही तोच, म्हणून त्याच्या शहाणपणाच्या आवेशाला आपण हसतो, पण त्याचा तिरस्कार करीत नाही. पडद्यावर हा निवेदक मागे सरतो आणि उरते ती नुसती फजिती. साधा नट असता तर त्याने डोळे वटारून, अंगविक्षेप करून हशा वसूल केला असता. प्रभावळकरांनी मात्र चिमणरावाची भीती खरी मानली, त्याची अब्रू खरी मानली आणि त्याचे कुटुंबप्रेमही खरे मानले. प्रसंग कितीही हास्यास्पद होवो, त्या गृहस्थाला स्वतःला तो हास्यास्पद वाटत नाही. जोडीला बाळ कर्वे यांचा दणकट, सोटाधारी गुंड्याभाऊ असल्यामुळे एकाचा भित्रेपणा आणि दुसऱ्याचा दांडगेपणा परस्परांना उठाव देत. विनोदी नटाने ज्याला हसायचे त्याच्या बाजूने उभे राहावे, हा धडा या भूमिकेत आहे.

हाच धागा त्यांच्या पुढील वाटचालीत दिसतो. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चिंची चेटकीण रंगविली होती. स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. त्यांतला वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर पाहताना हसता हसता प्रेक्षक गप्प होत असे. ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात बुद्धीने लहान मूलच राहिलेला नंदू त्यांनी उभा केला. ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) ते महात्मा गांधी झाले आणि त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. वयाची ऐंशी उलटल्यावर, २०२५ साली, ‘दशावतार’ चित्रपटात कोकणातील दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री त्यांनी साकारला. चेटकीण काय आणि महात्मा काय, भूमिकेची टवाळी नाही आणि तिच्यापुढे लोटांगणही नाही.

आता मनाला टोचणारी गोष्ट सांगतो. त्या काळी दूरदर्शनच्या फिती महाग असत. एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याची पद्धत होती. परिणामी ‘चिमणराव’चे फारच थोडे भाग आज उपलब्ध आहेत. ज्याच्या जनकाने संस्थानचे दप्तर जपले, त्याचाच मानसपुत्र दप्तरातून निसटला! शासकीय सेवेत कागद सांभाळण्यातच माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही विसंगती मला अधिक जाणवते. तो काही दुष्टावा नव्हता. जे आज सहज दिसते ते उद्या दुर्मीळ होईल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही, इतकेच.

याच्या उलट दुसरे उदाहरणही प्रभावळकरांचेच आहे. ‘लोकसत्ता’तील त्यांच्या ‘अनुदिनी’ या सदरातून पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका निघाली. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ पासून अल्फा मराठी वाहिनीवर दाखविली गेली. उपग्रह वाहिनीमुळे हे आबा टिपरे जयपुरातही आपल्या घरी आले. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका. कारस्थाने नाहीत, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रिया नाहीत. आबा दिवसभर पाहतात आणि रात्री रोजनिशीत टिपून ठेवतात. चिमणराव कुटुंबाचा भार वाहताना धडपडला. आबा त्याच कुटुंबाकडे निवृत्तीच्या खुर्चीतून मायेने पाहतात. दोघांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे आणि त्या अंतरात आपले घर कसे बदलले, याचा इतिहासच जणू साठलेला आहे.

आपल्या मुलांनी ‘अहो आबा’ ही हाक, रुसणे, समजूत काढणे, जेवायला बसताना होणारी थट्टा हे मराठी पाठ्यपुस्तकात वाचले नाही. ते अशा मालिकांतून ऐकले. शाळेत हिंदी, गल्लीत ढूंढाडी, कचेरीत इंग्रजी. अशा घरात मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि विनोदात. परकी भाषा शिकून नोकरी करता येते. पण विनोद कळायला भाषा अंगात मुरावी लागते. ज्या दिवशी आपल्या नातवंडांना चिमणरावाचे हसू येणार नाही, त्या दिवशी मंडळाची इमारत कितीही भक्कम असो, आत काय उरले हे विचारावे लागेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक नम्र सूचना आहे. गणेशोत्सवात पन्नास वर्षे आपण नाटके केली. त्यांची हस्तपत्रके, छायाचित्रे, नकला कोणाच्या ट्रंकेत आहेत, कोणाच्या आठवणीत आहेत. ती एकत्र करावीत, त्यांवर नावे व तारखा लिहाव्यात आणि जे वृद्ध सभासद आपल्यात आहेत त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. शिवाय प्रत्येक घरात आबा टिपऱ्यांसारखी एक अनुदिनी असावी: मराठीत, चार ओळींची, दिवसाचा विनोद टिपणारी. आपल्या घरचा चिमणराव पुसला जाऊ नये, एवढी दक्षता आपल्याच हाती आहे.

बाळ कर्वे २०२५ साली आपल्यातून गेले. त्यांचा सोटा आता आठवणीतच वाजायचा. प्रभावळकरांना उदंड आयुष्य लाभो, अशी प्रार्थना.