कात्रणांची वही आणि गावची आठवण
(उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेक घरांत लष्करी पेशाची परंपरा आहे. परंतु तिचा लेखी पुरावा फारच थोड्या घरांत सापडतो. महार रेजिमेंटमधील एका दिवंगत हवालदारांची वही माझ्या पाहण्यात आली. दुसऱ्या महायुद्धापासूनची वृत्तपत्रांतील कात्रणे त्यांनी खळीने चिकटविली आणि समासात गावच्या वृद्धांनी सांगितलेल्या गोष्टी पेन्सिलीने टिपल्या. ती वही रद्दीत जाता जाता वाचली. तिचे मोल किती, हे मी वकिलाच्या दृष्टीने सांगणार आहे.

कात्रण म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. वृत्तपत्रातील बातमी हा केवळ ऐकीव पुरावा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली लक्ष्मीराज शेट्टी खटल्यात म्हटले आहे. तेव्हा सैनिकाची विधवा नुसते कात्रण घेऊन कुटुंब निवृत्तिवेतन मागू लागली, तर तिचे काम होणार नाही. मात्र त्यात पलटणीचे नाव व तारीख असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नेमकी कोणती नोंद शोधावयाची, हे तिला सांगता येते. हवालदारसाहेबांच्या पुष्कळ कात्रणांवर ना पत्राचे नाव, ना तारीख! कात्रीने बातमी वाचविली आणि तिचा जन्मदाखला कापून टाकला.

आता समासाकडे वळू. एका कात्रणात म्हटले आहे की, महारांची पलटण 1941 साली प्रथमच उभी राहिली. शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘म्हाताऱ्या पाटीलवाड्याकडील आबा म्हणतात, त्यांचे वडील त्याआधीच्या महार पलटणीत होते.’ छापील मजकूर खरा आणि निरक्षर आबा खोटे, असे कोणासही वाटेल. पण खरे आबाच! 111 वी महार पलटण 1917 साली उभारली गेली व 1921 साली मोडण्यात आली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे रेजिमेंट निघाली, ती त्यानंतर वीस वर्षांनी.

मधल्या काळात लष्कराची दारे बंद होती, तशी ती 1917 पूर्वीही होती. ती उघडावीत म्हणून 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांचा आधार कोणता होता? पूर्वजांची लष्करी सेवा. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे दगडात कोरलेली आहेत, म्हणून ती नाकारता येत नाहीत. ज्यांची नावे दगडावर चढली नाहीत, त्यांना वहीशिवाय दुसरा आसरा नाही.

म्हणून कात्रण चिकटविण्यापूर्वी पत्राचे नाव व तारीख लिहा. आठवण निराळ्या पानावर उतरवा; ती कोणी, कोणत्या दिवशी सांगितली आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, हेही नोंदवा. आठवण व कात्रण यांत विसंगती दिसल्यास काहीही खोडू नका, दोन्ही राहू द्या. डिस्चार्ज बुक मात्र चिकटवू नये. ते सुटे, कोरड्या जागी ठेवावे आणि त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या घरांत असाव्यात.