उरलेले आठ तास



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला ‘कामगारांचे आजचे प्रश्न’ हा विषय सुचविला होता. आम्ही तो बदलून ‘घरगुती छंद’ असा मागून घेतला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. युनियनच्या माणसाने पगार, बोनस, महागाईभत्ता यांवर बोलावे. पिंजऱ्यातले प्राणी, सिनेमातली गाणी आणि खोट्या तलवारी हा काय त्याचा विषय झाला? परंतु आमच्या मते कामगारांचा प्रश्न तो हाच. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी घेऊन चळवळ उभी राहिली. कामाच्या आठ तासांविषयी आम्ही आजवर पुष्कळ बोललो. उरलेल्या आठांचे माणूस घरी जाऊन काय करतो, हे मात्र आम्ही पुढारी मंडळींनी फारसे विचारले नाही. त्याने वाचनालयात जावे, सभेला यावे, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले. तो घरी गेला आणि त्याने पोपट पाळला!

हे तास आयते मिळालेले नाहीत. मेलबर्नच्या गवंड्यांनी २१ एप्रिल १८५६ रोजी हत्यारे खाली ठेवली आणि आठ तासांचा दिवस मिळविला. १ मे १८८६ रोजी अमेरिकेतल्या कामगारांनी त्याच मागणीसाठी संप केला. पुढे शिकागोत रक्त सांडले, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळविली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या युक्तिवादात होते. तुमच्याआमच्या घरातल्या रविवारच्या सकाळीमागे एवढे आहे. दिवसाचे तास मात्र फारच हळू उतरले. १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तास ठरले, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १०, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८. एकेक तास खाली यायला दहा-बारा वर्षे लागली.

आता त्या खोट्या तलवारींकडे वळू. १८३९ सालच्या ऑगस्टअखेर स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने आपल्या वाड्यावर मध्ययुगीन पद्धतीची द्वंद्वे भरविली. चिलखते घातलेले सरदार, घोड्यांवर झुली, भाले, सौंदर्याची राणी, सारा जुना थाट. पाहायला लाखाच्या घरात माणसे लोटली, असा अंदाज सांगतात. आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की मैदानाचा चिखल झाला. एका मार्क्विसने भरजरी पोशाखावर छत्री उघडली आणि तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या चार्टिस्ट कामगारांनी मतदानाच्या हक्कासाठी साडेबारा लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला होता आणि जुलैत तो फेटाळला गेला होता. जुन्या काळाचा खेळ खेळायला जमीनदाराला सवड होती. सही करणाराला नव्हती.

सव्वाशे वर्षांनी तोच खेळ कोणाच्या हाती आला पाहा. कॅलिफोर्नियात बर्कली येथे एका घरामागच्या अंगणात काही तरुण मंडळी जमली. पुढे लेखिका म्हणून नाव झालेल्या डायना पॅक्सन यांचे ते घर. मंडळींनी घरी शिवलेले जुने पोशाख घातले, हाती लाकडी शस्त्रे घेतली, द्वंद्वे केली, आणि शेवटी गावातल्या रस्त्यावरून विसाव्या शतकाच्या निषेधाची मिरवणूक काढली. दिवस होता १ मे १९६६! कामगार दिनीच ही मिरवणूक निघाली. तारीख त्यांनी वसंतोत्सवाची म्हणून निवडली होती, पण आम्हांला योगायोग गोड वाटला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही संस्था झाली. तिची आज वीस ‘राज्ये’ आहेत. राजा ठरतो तो द्वंद्वात जिंकून, आणि थोड्या महिन्यांनी पायउतार होतो. शस्त्रे वेताची असतात, चिलखते खरी. पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून उन्हाळ्यात त्यांची एक मोठी लढाई होते; तंबू ठोकून सुमारे दहा हजार माणसे, पुष्कळशी बायकामुलांसह, राहतात.

अशा घरात रोजचे दिवस कसे जात असतील? कड्यांचे चिलखत करायचे तर तार सळईभोवती गुंडाळायची, तिचे वेटोळे कापून कड्या पाडायच्या, आणि एकेक कडी पकडीने उघडून चार शेजारणींत अडकवून पुन्हा मिटायची. अशा हजारो कड्या. आमच्या फिटर मंडळींना हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पीसरेट काय?” काही नाही. माणूस दिवसभर कचेरीत नाहीतर कारखान्यात राबतो, आणि रात्री जेवणाचे ताट उचलून त्याच टेबलावर कड्या जोडीत बसतो. कोणी टकळीवर सूत काढते, कोणी हातमागावर पट्टी विणते, कोणी मुळ्यासालींचा रंग करते. ज्या कामातून सुटण्यासाठी आमच्या आजोबांनी जन्म घालविला, ते ही मंडळी पदरचे पैसे मोडून हौसेने करतात. यात विसंगती आहे असे वरवर वाटेल. पण मुकादम पाठीशी नाही, घड्याळ डोक्यावर नाही, आणि झालेली वस्तू आपली. एवढ्याने काम तेच राहून त्याची जातच बदलते.

एक कोपरखळी मारल्याशिवाय पुढे जाववत नाही. या मंडळींत प्रत्येक जण सरदार होतो, उमराव होतो. वेठबिगार व्हायला सहसा कोणी तयार नसतो. हे आपल्याकडेही आहेच. दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात, कुंभाराकडचे मावळे मांडतात. त्यात महाराज असतात, तोफा असतात. डोंगरावर दगड चढविणारे पाथरवट आम्ही कोठे पाहिले नाहीत. अर्थात म्हणून किल्ला करू नये असे नाही. त्या चार दिवसांत बाप मुलांबरोबर चिखलात हात घालतो, ही आमच्या मते दिवाळीतली मोठी गोष्ट.

मात्र या जातीच्या छंदाला घरातल्या सर्वांची सुट्टी एकाच वेळी लागते. लढाई एकट्याला होत नाही आणि किल्लाही होत नाही. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यातून चाळीस तासांचा आठवडा रूढ झाला. त्यामागून आलेली शनिवार-रविवारची सलग सुट्टी नसती तर बर्कलीच्या अंगणात कोण जमले असते? आपल्याकडे आज लोखंड्यांचा रविवार कागदावर आठवड्याची सुट्टी म्हणून शिल्लक आहे, पण ती आळीपाळीने मिळते. बापाला मंगळवार, मॉलमध्ये उभी राहणाऱ्या आईला गुरुवार, मुलांना रविवार. हिशेबाने तिघांनाही सुट्टी मिळाली. घराला मात्र एकही मिळाली नाही.

गाण्याच्या वेडाला वेगळा वेळ लागतो. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केले. हेतू शास्त्रीय संगीताच्या प्रसाराचा होता, त्याविषयी आम्हांला आदरच आहे. पण लोकांनी काय केले? काटा फिरविला आणि सिलोन लावले. त्याच वर्षी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला, अमीन सयानी यांच्या आवाजात. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही, घोषणा दिली नाही. नुसते कान दुसरीकडे नेले आणि सरकारला नमविले. आम्हांला या संपाचा हेवा वाटतो!

रेडिओ तेव्हा घरोघर नव्हता आणि असला तरी त्याला परवाना लागे. चाळीत एकाकडे असे आणि ऐकायला सारा मजला दारात असे. आवडत्या गाण्यासाठी पोस्टकार्डे लिहायची, गावोगाव श्रोतासंघ काढायचे, हे त्यातूनच आले. फर्माइशींमुळे देशभर गाजलेले झुमरी तिलैया हे गाव आजच्या झारखंडात आहे, आणि ते अभ्रकाच्या खाणींचे गाव आहे. निवेदक नावे वाची, आणि दिवसभर कोणी ज्याला हजेरीच्या नंबरापलीकडे ओळखीत नाही त्याचे नाव समुद्रापलीकडून ऐकू येई. गीतमालेला काय लागे? बुधवारची आठची वेळ, आणि त्या वेळी घरी असणे. आज गाणे खिशातल्या फोनवर केव्हाही वाजते, म्हणून वेळेचा प्रश्न सुटला असे कोणी म्हणेल. ऐकण्याचा सुटला. दारात एकत्र बसून पहिल्या नंबरावर कोणते गाणे येणार यावर भांडण्याचा सुटलेला नाही.

आणि पिंजरा. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात सांक्ट आन्द्रेआसबर्ग नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तेथल्या घरांत कॅनरी पक्षी पाळीत. बाप खाणीत, आणि घरी बायकामुले लाकडी पिंजरे बांधीत. तेथला मंजूळ गाणारा पक्षी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेपर्यंत विकला जाई. खाणीच्या तुटपुंज्या मजुरीला त्याचा हातभार होता, हे खरे. पण दिवसभर अंधारात कुदळ मारणाऱ्याने घरी येऊन पिवळ्या पक्ष्याचे गाणे ऐकत बसावे, यात निव्वळ हातभारच होता असे आम्ही मानणार नाही. ब्रिटनमध्ये तोच पक्षी विषारी वायू ओळखण्यासाठी खाणीत नेत. तेथे १९८६ पर्यंत त्याची नोकरी चालू होती.

आपल्या चाळीतला राघू आता कायद्याने पिंजऱ्यात ठेवता येत नाही. वन्य पक्ष्यांच्या दृष्टीने ते ठीकच झाले. दोन खोल्यांच्या घरात कुत्रा मावत नाही. म्हणून मुले गिनीपिग मागतात, हॅमस्टर मागतात. आज घरोघर दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सारे १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांना सापडलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले, असे सांगतात. जगतो दोनतीन वर्षे, एकटाच राहतो, आणि दिवसा झोपून रात्री जागतो. आमच्या एका सभासदाच्या घरी हा प्राणी आहे. सभासद दुसऱ्या पाळीचा. बारा वाजता घरी येतो तेव्हा घर झोपलेले असते आणि हॅमस्टर तेवढा जागा असतो. मग हे दोघे अर्धा तास चाकावरचा खेळ करतात. बायको म्हणते, “मुलांशी बोलत नाहीत तेवढे त्याच्याशी बोलतात.” मुलांशी बोलायला मुले जागी सापडली पाहिजेत ना!

पिंजऱ्याला मोठी सुट्टी नको, ठरलेला वारही नको. रोज थोडा वेळ हवा, आणि तो साठवून चालत नाही. सोमवारचे पाणी रविवारी पाजता येत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ कायम आहेत, मग तुमचे जाते काय, असा प्रश्न आम्हांला विचारतात. बेरजेत काही जात नाही. चार दिवस बारा तास राबा आणि तीन दिवस मोकळे राहा, हे कागदावर सुरेख दिसते. कोणाला ते हवेही असेल, त्याला आमची ना नाही. पण बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन-अडीच, आणि झोप. त्या दिवशी घरातल्या प्राण्यालाच काय, पोरालाही वाट्याला काही उरत नाही. १९११ साली जेथून निघालो तो हा आकडा आहे.

येथपर्यंत आम्ही कामगार म्हणालो की तुमच्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहिला असेल. आता पिंजऱ्यातला भुसा कोण बदलते ते पाहू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, पुरुषाची ९७. आणि हे ९७ सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे, जे शेकडा २६ च निघाले. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली. दहा मिनिटे सुटली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाचीही ८८ वर आली होती! घरात छंद एकाचा असतो, पण पोशाखाची शिवण, रेडिओपुढच्या मंडळींचा चहा आणि पिंजऱ्याची धुलाई बहुधा दुसरीच्या अंगावर पडते. तिचे आठ तास कोणत्या कायद्यात आहेत?

मागे आम्ही आमच्या बायका सभासदांकडून एक कागद भरून घेतला. त्यात ‘छंद’ असा रकाना होता. पुष्कळींनी तो कोरा ठेवला. एकीने लिहिले, रात्री ओटा पुसून झाला की गॅलरीत उभी राहते.

त्या कागदांवरून आम्ही यंदाच्या मागणीपत्रात दोन कलमे नवी घातली आहेत. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावावा, हे पहिले; आणि नवराबायको एकाच कारखान्यात असतील तर दोघांची साप्ताहिक सुट्टी एकाच वारी असावी, हे दुसरे. पहिल्या कलमावर बोलणी करायला मालक तयार झाले आहेत. दुसरे वाचून त्यांचे अधिकारी हसले. पुढची बैठक जूनमध्ये आहे.