राखीव गडी

माझा भाचा अंतराळातल्या लढायांचा खेळ खेळतो. संगणकावरचा नव्हे; षटकोनी घरांचा कागद, फासे आणि जाडजूड नियमपुस्तक असलेला. अमेरिकेत १९७९ साली निघालेला ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ हा त्याच जातीचा. यात मोठी यानं पोटात छोटी लढाऊ विमानं घेऊन फिरतात. परवा मित्रांत वाद झाला. यानावर सुटी करून ठेवलेली राखीव विमानं ऐन लढाईत बाहेर काढता येतील का? भाचा स्वतःच नवा नियम लिहायला बसला. मला म्हणाला, “मामू, तुम्ही पंच.”

मला आठवली स्टेपनी. माझे अब्बा ट्रक चालवत. निघण्याआधी स्टेपनीवर हातोडी मारून आवाज ऐकत. म्हणत, “हवा नसलेली स्टेपनी म्हणजे नुसतं ओझं.”

मी भाच्याला सांगितलं, राखीव असणं वेगळं, सज्ज असणं वेगळं. विमान जोडायचं, इंधन भरायचं, शस्त्रं चढवायची, याला वेळ आणि माणसं लागतात. तीच माणसं लढून परतलेल्या विमानांनाही हवी असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौकांवर राखीव विमानं हँगरच्या छताला टांगलेली असत, जपानी नौकांवर सुटी करून ठेवलेली. हाक मारली की उडाली, असं नव्हतं.

भाच्यानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि वैमानिक?”

मे १९४२मध्ये कोरल समुद्राच्या लढाईत जपानची झुइकाकू नौका शाबूत राहिली. पण विमानं आणि वैमानिक इतके गेले, की जूनमध्ये मिडवेच्या लढाईला ती जाऊ शकली नाही. अमेरिकेची यॉर्कटाउन मात्र जखमी झाली होती. पर्ल हार्बरला तीनेक दिवसांत तिची डागडुजी झाली, साराटोगा नौकेच्या तुकड्या तिच्यावर आल्या आणि ती मिडवेला पोचली. तिथं ती बुडाली. पण त्याआधी तिच्या विमानांनी जपानची सोर्यू नौका निकामी केली होती.

एका पावसाळ्यात गुळाची गाडी घेऊन जाताना अब्बा आंबा घाटाखाली तापानं फणफणले. स्टेपनीत हवा टंच. क्लीनर शेजारीच, चार वर्षांपासून. पण त्याच्या हाती स्टिअरिंग कधी दिलंच नव्हतं. गाडी दोन दिवस जागची हलली नाही. गूळ पाघळला, पगार कापला गेला. बरे झाल्यावर सपाट रस्ता आला, की अब्बा क्लीनरला स्टिअरिंगवर बसवू लागले.

भाच्यानं नियमात एक रकाना वाढवला : राखीव वैमानिक आधीच्या एका तरी लढाईत उडालेला हवा. मी पंच म्हणून खाली सही केली.

सही करताना जरा ओशाळलो. आमच्या कविसंमेलनांत नव्या मुलांना आम्ही सुरुवातीलाच उभं करतो, श्रोते अजून जागा शोधत असतात तेव्हा.