बाराशेवा गणपती

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मी मूर्तिकार माणूस. हातात माती असली की तोंड आपोआप चालतं, पण माईक हातात आला की घसा कोरडा पडतो. तरी आज बोलायला उभा राहिलो, कारण एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे थकलं आहे. दोन महिन्यांपूर्वी आपल्याच सोसायटीतले एक आईवडील मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. पोराचा हात फार चांगला आहे. वडील म्हणाले, "काका, याला चित्रकलेलाच जायचंय. खरं सांगा, यात पोट भरतं का?" मी चहा पाजला आणि विषय बदलला. आज उत्तर देतो.

तुम्हाला माहीत आहे, मी राहतो रोह्यात आणि कारखाना आहे पेणजवळ. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घराघरांत गणपती होतात. तिथे कारखाना म्हणजे धुराडं नव्हे. पत्र्याची शेड, फळ्यांच्या मांडण्या आणि त्यावर ओळीने बसलेले बाप्पा. दिवाळी सरली की कामाला जोर येतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याच्या आधीच बोटीने रवाना होतात, मुंबई-पुण्याचा माल आषाढ-श्रावणात उचलला जातो. पेणचा गणपती लोक ओळखतात तो डोळ्यांवरून. त्याला आम्ही आखणी म्हणतो. ती माझ्या बाबांनी मला शिकवली.

बाबांचा हात असा होता, की त्यांनी आखलेल्या मूर्तीकडे तुम्ही कुठूनही बघा, ती तुमच्याकडेच बघते. त्यांची एकच इच्छा होती. धरमतरच्या खाडीवर पाटी घेऊन उभी असलेली कोळीण, माणसाएवढी, मातीत करायची. दर गणपतीनंतर म्हणायचे, "या वर्षी करू." आणि दर वर्षी गणपतीनंतर देणेकरी दारात यायचे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत एक वही सापडली. त्यात फक्त नावं आणि आकडे होते. कोणाला किती द्यायचेत, एवढंच. कोळणीचं एक रेखाटन त्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं.

मीही त्याच वाटेने चाललो होतो. मला वाचवलं ते आपल्या सोसायटीने. हसू नका, खरं सांगतोय.

साल 2012. वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदार व्हायला कोणी तयार होईना. मी त्या दिवशी उशिरा आलो, आणि उशिरा येणाऱ्याचं नाव एकमताने मंजूर झालं! मला हिशेबातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपले त्या वेळचे ऑडिटर फार चिवट. त्यांनी मला बसवून शिकवलं. सिंकिंग फंड म्हणजे काय? इमारत कधीतरी म्हातारी होणार हे आजच मान्य करून बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरसाल बाजूला टाकायचा. थकबाकीची यादी म्हणजे काय? कोण नातेवाईक, कोण मित्र, हे न बघता कोणाकडून किती येणं आहे ते लिहायचं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशनं का मागवायची? पहिला माणूस चोर असतो म्हणून नाही, तर दर आपल्याला माहीत नसतो म्हणून.

एका रात्री सोसायटीचं अंदाजपत्रक करता करता मनात आलं, इमारतीची एवढी काळजी घेतो, मग माझ्या कारखान्याचा कागद कुठाय? तसाच एक फुलस्केप घेतला आणि एक फुटाच्या एका मूर्तीचा खर्च मांडला. तेव्हाचे आकडे सांगतो. माती, रंग, काथ्या 180 रुपये. कारागिरांची मजुरी 260. तुटफूट 40. पुठ्ठा, गवत, वाहतूक 35. झाले 515. व्यापाऱ्याला मी ती देत होतो 650 ला. म्हणजे एका मूर्तीमागे 135 उरतात. मला वाटलं, बरं चाललंय की!

मग मूर्ती एक केली काय किंवा हजार केल्या काय, जो खर्च टळत नाही, तो मांडला. शेडचं भाडं आणि वीज वर्षाचे 90,000. आणि व्याज. बाबांपासून चालत आलेलं आणि दर वर्षी नव्याने होणारं खाजगी कर्ज तीन लाख, शेकडा दोन रुपये महिना. वर्षाचे 72,000. एकूण 1,62,000. त्याला 135 ने भागा. उत्तर येतं 1,200.

म्हणजे पहिले बाराशे गणपती मी शेडमालक, वीज आणि सावकार यांच्यासाठी करत होतो. बाराशेवा गणपती होईपर्यंत माझ्या घरात एक दमडी येत नव्हती. आणि मी वर्षाला करत होतो पंधराशे. राहिले तीनशे. तीनशे गुणिले 135, म्हणजे 40,500. महिन्याला 3,375 रुपये. आपल्या वॉचमनचा पगार त्याहून जास्त होता, आणि त्याच्या पगाराच्या चेकवर सही मी करत होतो! सावकार तर माझ्याच कारखान्यात माझ्यापेक्षा जास्त कमावत होता, एकही डोळा न आखता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या बाई, म्हणजे सौ., शाळेत गणित शिकवतात. सकाळी त्यांनी कागद बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "आकडेमोड बरोबर आहे."

मग काय केलं? मोठं काही नाही. भाव 700 केला. पन्नास रुपयांनी काही व्यापारी तुटले, त्या वर्षी मूर्ती गेल्या बाराशेच. मी घाबरलो होतो. पण आता मूर्तीमागे 185 उरत होते. हिशेब केला तर हातात आले 60,000. तीनशे मूर्ती कमी, आणि साडेएकोणीस हजार जास्त. शिवाय त्या तीनशे मूर्तींचा वेळ उरला तो वेगळाच. भाव वाढवणं म्हणजे लोभ, असं आपल्याला लहानपणापासून वाटत असतं. पण स्वस्तात दिलेल्या प्रत्येक मूर्तीत मी माझ्या मुलांची फी घालत होतो.

दुसरं, बारा रकान्यांचा तक्ता केला. कार्तिक ते आश्विन. वरच्या ओळीत पैसे कधी येतात, खालच्या ओळीत कधी जातात. वरची ओळ भाद्रपदापर्यंत जवळजवळ कोरी! खालची मात्र दर महिन्याला भरलेली. मधला खड्डा म्हणजे सावकार. मग मी ठरवलं, ऑर्डर लिहिताना एक तृतीयांश आगाऊ घ्यायचे. पूर्वी एका व्यापाऱ्याने माल उचलून पैसे बुडवले होते, तेव्हा माझ्याकडे साधी चिठ्ठीही नव्हती. आता कार्बन लावून पावती, तारीख, सही. ओळखीच्या माणसांकडे आगाऊ मागताना जीभ जड व्हायची, पण थकबाकीदारांकडे सोसायटीचा मेंटेनन्स मागून मागून ती सवय झालीच होती. तीन वर्षांत कर्ज निम्म्यावर आलं.

तिसरं, वरच्या ओळीतल्या कोऱ्या महिन्यांत काय विकता येईल ते शोधलं. नवरात्राच्या देवी, गौरीचे मुखवटे, शिवजयंतीला महाराजांचे अर्धपुतळे, शाळांमधून शाडूची शिबिरं. आणि चौथं, मिळकतीतला ठरावीक हिस्सा बाजूला. त्या पासबुकावर मी पेनाने लिहिलंय, 'सिंकिंग फंड'.

2020 आलं. कोरोना. शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंतच ठेवायला सांगितली. आमच्याकडे मोठ्या मूर्तींचं काम आधीच झालेलं. माझ्या शेडमध्ये एकोणीस मोठे गणपती प्लास्टिकखाली तसेच राहिले. त्याच वर्षी पीओपीवर बंदी घालणारी केंद्रीय प्रदूषण मंडळाची नियमावली आली. ती पुढे ढकलली गेली, प्रकरण कोर्टात गेलं. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती करायला परवानगी दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला सरसकट नाही. मी पीओपीवाल्यांना नावं ठेवणार नाही, मीही करत होतो. शाडू जड, तुटायची भीती जास्त, पावसाळी हवेत लवकर सुकत नाही, आणि ती माती गुजरातमधून आणावी लागते. शाडूकडे वळणं सोपं नव्हतं. पण एक सांगतो, त्या 2020 च्या पाच महिन्यांत माझ्या चारही कारागिरांच्या घरी पगार गेला. फंड तिथेच संपला. सावकाराच्या दारात मात्र जावं लागलं नाही.

काही कलावंत मित्र मला म्हणतात, "तू व्यापारी झालास." मी त्यांना राजा रविवर्म्यांची गोष्ट सांगतो. केवढा मोठा चित्रकार! घराघरांत देव पोचावेत म्हणून त्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. चित्रं देशभर गेली, पण छापखान्यावर कर्ज चढत गेलं आणि शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. कुंचल्यात कुठे कमी नव्हती. पैसे कधी येणार आणि कधी जाणार, हे गणित तेवढं बसलं नाही.

आणि दुसरं उदाहरण तर आपल्या रोह्याचंच आहे. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. देशाचं अंदाजपत्रक मांडणारा हा माणूस संस्कृतात कविता करायचा, आणि कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणलं. आकडे आणि कविता एका घरात नांदत नाहीत, असं निदान रोहेकरांनी तरी म्हणू नये.

आता त्या वडिलांना उत्तर. होय, पोट भरतं. पण नुसत्या हाताने भरत नाही. मुलाला जरूर घाला चित्रकलेला, त्याबरोबर एक वही घेऊन द्या. पहिल्या पानावर तो काय करतो आणि ते कोणाला हवंय, हे चार ओळींत लिहू दे. दुसऱ्या पानावर एका कामाचा खरा खर्च, आणि त्यात स्वतःचे तास धरायचे, ते फुकट नाहीत. तिसऱ्या पानावर बारा महिने. चौथ्यावर येणेबाकी. दर तीन महिन्यांनी बायकोसमोर, आईसमोर, जी व्यक्ती खरं बोलेल तिच्यासमोर ती वही उघडायची. पुढे बँकेत जावं लागलं तर हेच विचारतात. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक कारागिरांत मूर्तिकारही आहेत, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने मिळतं. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बाबांना हा फरक कोणी सांगितला असता तर?

वहीने सगळं सुटत नाही. मूर्ती वाईट असेल तर वही काय करणार? आणि वही पाळूनही मी दोनदा आपटलोय. पण पडलो तेव्हा किती खोल पडलोय हे माहीत होतं.

शेवटचं सांगतो आणि खाली बसतो, कारण मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय. माझ्या बारा रकान्यांत एक रकाना आता राखीव आहे. कार्तिक महिना. त्यात ऑर्डर घेत नाही. त्या महिन्याचा घरखर्च आधीच बाजूला काढलेला असतो. मागच्या कार्तिकात मी बाबांच्या रेखाटनावरून कोळीण केली. माणसाएवढी जमली नाही, साडेतीन फूट झाली. सुकताना डाव्या खांद्याला तडा गेला, तो बुजवलाय पण दिसतो. ती विकायची नाही. तरी तिची माती, तिचे दिवस, सगळं वहीत खर्चात लिहिलंय. फक्त जमेच्या बाजूला काय लिहावं ते कळेना, म्हणून तिथे बाबांचं नाव लिहून ठेवलं.