विक्रमी गाडीच्या मागच्या गाड्या
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे एका मोटारीची हकीकत सांगणार आहे. तिचे नाव ‘थ्रस्ट एस.एस.सी.’. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ही मोटार ताशी १२२७.९८५ किलोमीटर वेगाने धावली. जमिनीवर ध्वनीच्याही पुढे जाऊन नोंदला गेलेला हा पहिला विक्रम. तो आजपर्यंत कोणी मोडलेला नाही. चालक होते ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक अँडी ग्रीन. त्यांचे नाव पुस्तकांत आले, छायाचित्रे छापली गेली. परंतु मला आज बोलायचे आहे ते छायाचित्रात न आलेल्या माणसांविषयी आणि त्यांच्या सामानाविषयी.

ही गाडी सुमारे दहा टन वजनाची. तिला लढाऊ विमानाची दोन जेट इंजिने बसवलेली. अशी गाडी किल्ली फिरवून सुरू होत नाही. इंजिन फिरते करण्यासाठी बाहेरून जोराची हवा देणारे वेगळे यंत्र लागते. इंधनाचे टँकर लागतात, गाडी ओढून वळवणारी वाहने लागतात, चालता-फिरता कारखाना लागतो. अपघात झालाच तर काही क्षणांत पोहोचेल अशी वेगवान अग्निशामक मोटार लागते. वेळ मोजणारे पंच वेगळे आणि बिनतारी संदेश सांभाळणारे वेगळे. हा सारा संसार इंग्लंडहून अमेरिकेला नेण्यासाठी ‘अँतोनोव्ह’ जातीचे प्रचंड मालवाहू विमान घ्यावे लागले. त्याच्या इंधनासाठी पैसे नव्हते. तेव्हा संस्थापक रिचर्ड नोबल यांनी लोकांना आवाहन केले आणि सामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे थोड्या थोड्या इंधनाची किंमत भरली. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत आपण बसलो आहोत. त्या वर्गणीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता नियम ऐका. विक्रमासाठी एकच धाव पुरत नाही. वाऱ्याचा किंवा उताराचा फायदा मिळू नये म्हणून गाडीने एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी धावायचे आणि दोन्ही वेगांची सरासरी धरायची. त्या एका तासात गाडी थांबवायची, वळवायची, इंधन भरायचे, चाके व इंजिने तपासायची, नवी पॅराशूट बसवायची आणि पुन्हा इंजिने सुरू करायची. त्या तासात चालक आसनावर बसून वाट पाहतो. तो तास असतो मागच्या माणसांचा.

१३ ऑक्टोबर १९९७ रोजी काय झाले? गाडी दोन्ही दिशांनी ध्वनीपेक्षा वेगाने धावली. पण थांबवणाऱ्या पॅराशूटने दगा दिला आणि गाडी ठरलेल्या जागेच्या पुढे निघून गेली. तिला गाठून परत सज्ज करण्यात वेळ गेला. परतीची धाव तासाच्या मर्यादेला अवघ्या मिनिटाच्या आसपास चुकली आणि विक्रम नोंदला गेला नाही. वेग होता, धाडस होते, कमी पडले ते एक मिनिट. त्या मंडळींनी कपाळाला हात लावला नाही. पुन्हा सारी तयारी केली आणि दोनच दिवसांनी तोच तास वेळेत पार पाडला.

भगिनींनो, त्या धावपट्टीवर गाडी केव्हा निघावी, कोणी कोठे थांबावे याचे नियंत्रण जेन मिलिंग्टन या महिलेच्या हाती होते. मुलीला आठवीनंतर घरी बसवण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक काम होते. वाळवंटातला लहानसा खडाही अशा गाडीला घातक. तो इंजिनात ओढला गेला तर इंजिन जाते. म्हणून मदतनीस रांगेने उभे राहून मैलोन् मैल पायी चालत आणि वाकून खडे वेचीत. पुढे ‘ब्लडहाउंड’ या नव्या ब्रिटिश मोटारीसाठी दक्षिण आफ्रिकेत हॅकस्कीन पॅन येथे धावपट्टी तयार झाली. तेथील मीर भागातील तीनशेहून अधिक स्थानिक लोकांनी हातांनी सुमारे १६,५०० टन दगड बाजूला केले. २०१९ मध्ये त्या पट्टीवर ब्लडहाउंडने ताशी १,०१० किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, अशी आपल्या रसूल (स.) यांची शिकवण आहे. खडे वेचणारा हात हलका नसतो, हे आपल्याला पूर्वीच सांगून ठेवलेले आहे.

मग आपल्याकडे ‘मिस्त्रीचे काम’ हे शब्द नाक मुरडून का उच्चारले जातात? आपले जालना लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचे आणि बी-बियाण्यांचे गाव. येथे हातात पाना धरणाऱ्याला काम आहे आणि मानही असला पाहिजे. परंतु पालकांनो, याची दुसरी बाजूही कटू आहे. हाताच्या कामाला शाळेची काय गरज, असे म्हणून नववीतला मुलगा गॅरेजवर पाठवला जातो. ब्लॅक रॉकच्या त्या तासात असा अर्धा शिकलेला गडी चालला नसता. तेथे प्रत्येकाला यादी वाचून एकेक कलम तपासायचे होते, दाबाचे आकडे समजून घ्यायचे होते, आपले काम किती मिनिटांत होते हे माहीत असायला हवे होते. म्हणून दहावी पूर्ण करू द्या. त्यानंतर आय.टी.आय. करा, पदविका करा, खुशाल यंत्रांशी मैत्री करा. कामाची लाज बाळगू नका आणि अर्धवट शिक्षणावर समाधान मानू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही परीक्षेच्या धावपट्टीवर उभे राहाल तेव्हा एकदा मागे पाहा. पहाटे उठवणारी अम्मी आहे, आपली गरज बाजूला ठेवून फी भरणारे अब्बा आहेत, वही देणारा थोरला भाऊ आहे. निकालाच्या कागदावर त्यांची नावे नसतात. आणि पालकांनो, तुमच्या हाती तो एक तास आहे. संध्याकाळचा एक तास दूरदर्शन संच बंद ठेवा, मुलाला दुकानावर पाठवू नका, त्याच्या वाटेतला एखादा खडा उचला. पुढची धाव तो घेईल.