एका चित्रफितीचे अनेक वाटेकरी

भारतीय दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चित्रे सरकत असल्याने तासाभराच्या फितीत ९०,००० चित्रे होतात. ती आटोपशीर करताना संगणक बहुतेक चित्रे पूर्ण साठवीत नाही. मागच्याहून जे बदलले तेवढेच टिपतो. कामाच्या वाटणीत खरी अडचण हीच. मागचे चित्र दुसऱ्याच्या हाती असेल, तर बदल ताडावयाचा कशाशी? १९९४ च्या सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हे काम जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर विभागून करण्यात आले. चित्रांचे गट पाडून प्रत्येकाचा आरंभ स्वयंपूर्ण चित्राने केला, की शेजाऱ्यावाचून अडत नाही. समान वाटणी मात्र येथे न्याय्य नव्हे. मंद यंत्रापायी वेगवान यंत्रे रिकामी बसतात. ज्याचे संपेल त्याने पुढचा गट उचलावा. गट फारच लहान केल्यास स्वयंपूर्ण चित्रे वाढून फीत पुन्हा फुगते.